‘आगे पाला है’

थंडीच्या बाबतीत आम्हा नाशिककरांच्या अंगी थोडा माज असतो. मुंबईचा पाहुणा डिसेंबरात उतरला आणि सकाळी पांघरुणातून नुसते नाक बाहेर काढून ‘काय हो ही थंडी!’ म्हणाला, की आम्ही ‘ही कसली थंडी? एकदा निफाडला जाऊन बघा,’ असे त्याला सुनावतो. आणि तेही अशा थाटात, की जणू निफाडची थंडी आम्हीच घरी तयार करून तिकडे ठेवायला दिली आहे! माझा माज तर इतरांपेक्षा काकणभर जास्तच. कारण निफाडच्या बाजूच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, आणि गेली चौदा वर्षे सकाळच्या तासांसाठी नाशिकहून मोटारसायकलने जातो-येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात खाली घसरला, की वर्तमानपत्रांत तो पहिल्या पानावर चढतो. वाचणाऱ्याला तो आकडा असतो. मला ती त्या सकाळची वाट असते.

त्या वाटेवरची पहाट मात्र पाहण्यासारखी असते हं! दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि बागांच्या कडेने पेटलेल्या शेकोट्या. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागा असतो. कुणी धूर करतो, कुणी विहिरीचे पाणी सोडतो. कारण अशा पहाटे हवेपेक्षा विहिरीचे पाणीच उबदार असते. थोड्या अंतरावर नांदूरमध्यमेश्वरचे पाणथळ आहे. २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचा मान झाला. तिथे उत्तरेकडचे पक्षी हिवाळा काढायला येतात. म्हणजे पाहा, ज्या तालुक्यात मी कानटोपीवर मफलर आणि मफलरवर हेल्मेट चढवून जातो, तिथे हे पाहुणे ऊब खायला येतात! थंडी ही ज्याची त्याची असते, हे मला पुस्तकांपेक्षा या पक्ष्यांनी अधिक चांगले शिकवले.

चौदा वर्षांत माझ्या दोन कसोट्या तयार झाल्या आहेत. पहिली किल्लीची. मोटारसायकलवर थंडी प्रथम बोटांना गाठते, आणि ब्रेक व क्लच हे दोघेही बोटांच्याच ताब्यात असतात. म्हणून वाटेत थांबायचे, हातमोजा काढायचा आणि खिशातली घराची किल्ली चिमटीत धरून बाहेर काढता येते का ते पाहायचे. आली तर पुढे निघायचे. नाही आली तर सरळ टपरी गाठायची, चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरायचा आणि किल्ली निघेपर्यंत बाकावरून उठायचे नाही. ज्या बोटांना स्वतःच्या खिशातली किल्ली सापडत नाही, त्यांना ऐनवेळी ब्रेक सापडेल याची हमी कुणी द्यावी?

दुसरी कसोटी माझ्या व्यवसायाला साजेशी आहे. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ हे चार वेळा भराभर म्हणायचे. ओठ अडखळले, जीभ जड झाली, की समजावे गारठा कातडीच्या आत शिरला. अंग नुसते कुडकुडते तोवर ठीक असते. बोलणे जड होऊ लागले की पाठोपाठ विचारही जड होतात, आणि यातली खरी गंमत अशी की, ज्याची बुद्धी गारठते त्याला आपली बुद्धी गारठली आहे हे कळत नाही. तो ‘मी अगदी ठीक आहे’ म्हणत राहतो. म्हणून ही कसोटी मागे बसणाऱ्याने घ्यावी हे उत्तम.

बाकी अंगावरच्या थंडीला उपाय आहेत. छातीवर, स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी घालणे हा जुना आणि खात्रीचा उपाय. कागदातून वारा शिरत नाही. रविवारचा अंक पुरवण्यांमुळे जाड असतो, म्हणून सोमवारी मी विशेष उबदार असतो.

या वाऱ्याचाही एक हिशेब आहे. १९४१ साली अंटार्क्टिकात सायपल आणि पॅसल या दोन अमेरिकन संशोधकांनी पाण्याने भरलेली लहानशी नळकांडी वाऱ्यात टांगली आणि आतले पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून वाऱ्यामुळे थंडी किती वाढल्यासारखी वाटते याचे कोष्टक निघाले; २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी ते सुधारून घेतले. त्या सुधारित कोष्टकाप्रमाणे हवा ५ अंशांवर असेल आणि तुम्ही ताशी ६० किलोमीटरने निघालात, तर उघड्या कातडीला ती साधारण उणे २ अंशांसारखी वाटते. हवाच शून्यावर असेल तर उणे ९. वेग निम्म्यावर आणला तर थंडीही थोडी सैल होते. म्हणजे घाई करणाऱ्याला थंडी वाजते ती काही अंशी त्याच्या घाईची असते. मात्र हा हिशेब फक्त उबदार देहाला लागू. पेट्रोलच्या टाकीला, दगडाला, डांबराला वाऱ्याची अशी थंडी वाजत नाही. डांबराची थंडी निराळी असते. ती माझ्या दोन्ही कसोट्यांत बसत नाही, आणि तिची गाठ मला निफाडला नव्हे, तर हिमाचलात पडली.

जानेवारी २०२४ मध्ये माझ्या ताईचा मुलगा, वय वर्षे चोवीस, पुण्यात नोकरीला, याने ठरवले की चंदीगडला भाड्याची बुलेट घ्यायची, आणि सिमला, रामपूर, किन्नौर असे करत थेट स्पितीतल्या काझाला जायचे. ही वाट भर हिवाळ्यातही बहुधा चालू असते, आणि ती बर्फात पाहायची त्याला महिनोन्‌महिने स्वप्ने पडत होती. ताईने फोन केला. ‘त्याला जाऊ नको म्हणून सांगून झालं. आता तू बरोबर जा. तू आहेस म्हटल्यावर मला झोप लागेल.’ माझी अर्जित रजा शिल्लक होती, आणि आमच्या सौभाग्यवतींनी ‘जा, पण मागे बसणार असाल तर घट्ट धरून बसा,’ एवढ्यावर परवानगी दिली. संक्रांत तोंडावर आली होती, म्हणून बरोबर तिळगुळाचा डबाही दिला.

त्या वर्षीचा जानेवारी हिमाचलात विलक्षण कोरडा गेला. महिना जवळजवळ संपेपर्यंत पाऊस नाही की बर्फ नाही. सिमल्याच्या रिजवर पर्यटक रिकाम्या निळ्या आकाशाकडे पाहून हळहळत होते. बागायतदार त्याहून काळजीत, कारण सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्याची झोप लागते ती थंडीने, आणि उन्हाळ्याची ओल मिळते ती बर्फाने. भाचेबुवांचा हिशेब मात्र सरळ होता. ‘मामा, बर्फ नाही म्हणजे रस्ता कोरडा. ऊन लख्ख. याहून चांगली वेळ ती कोणती?’ त्याच्या मोबाइलमध्ये सिमल्याचे सकाळचे तपमान ४ अंश दिसत होते. ‘चार म्हणजे आपलं निफाडच की!’ त्याने माझ्याच माजावर बोट ठेवले.

त्याला सकाळी सहाला निघायचे होते, मला साडेनऊला. आठवर तडजोड झाली. ढल्ली मागे पडली, कुफरी मागे पडली. ऊन अजून समोरच्या डोंगरांच्या माथ्यांवरच होते. फागूला टपरी दिसली तेव्हा माझी किल्ली खिशातून निघेना, म्हणून आम्ही थांबलो. टपरीवाल्याने आमच्याकडे पाहिले, बुलेटकडे पाहिले, आणि चहाचे भांडे सांडशीने उतरवत म्हणाला, ‘आगे पाला है साब जी. धूप आने दो.’

‘पाला?’ भाचा माझ्या कानाशी लागला. ‘पानं पडलीत वाटतं रस्त्यावर. सावकाश जाऊ.’

मराठीच्या मास्तराला याहून मोठी मेजवानी कोणती? हिंदीतला हा पाला झाडाचा नव्हे, तो संस्कृतातल्या ‘प्रालेया’चा. प्रालेय म्हणजे हिम, दंव. हिमालयाचे एक नाव ‘प्रालेयाचल’. तो शब्द झिजत झिजत ‘पाला’ झाला, आणि मराठी कानावर पडताच पाचोळा होऊन बसला. हे सगळे मी सांगत होतो आणि भाचेबुवा घड्याळ पाहत होते. पण मास्तरकी आटोपल्यावर टपरीवाल्याने जे सांगितले, ते त्यानेही ऐकले. या दिवसांत आभाळ जितके निरभ्र, तितका पाला जास्त. ढग असले की रात्री जमिनीवर गोधडी पांघरल्यासारखे होते. ढग नसले की दिवसभराची ऊब सरळ आकाशात निघून जाते आणि रस्ता हवेपेक्षाही गार पडतो. मोबाइलमधला पारा हवेचा असतो, आणि हवामानखात्याचे तपमापक जमिनीपासून चारेक फूट उंच पेटीत बसवलेले असते. चार फुटांवर ३-४ अंश असताना खाली डांबरावर पाणी गोठलेले असू शकते. फागूच्या टपरीवाल्याने ‘चार फूट’ वगैरे म्हटले नाही, ती भर माझी. पण ‘पारा देखके मत जाना, परछाईं देखके जाना,’ हे शब्द त्याचेच.

दीड तास आम्ही बसलो. चहाचे तीन ग्लास झाले, सफरचंदांवर बोलणे झाले. १९१६ साली सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने कोटगढला आणलेल्या रोपांपासून इथली सारी बागायत कशी फोफावली, आणि पुढे तेच गृहस्थ सत्यानंद होऊन इथलेच कसे होऊन गेले, हे मी पुस्तकात वाचले होते. इथे ते शेजारच्या गावच्या आजोबांची गोष्ट सांगावी तसे ऐकायला मिळाले. भाचेबुवांनी तेवढ्यात मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात मोटारसायकलस्वारांचा ‘हत्ती मेळावा’ भरतो. बव्हेरियाच्या रानात, बर्फात तंबू ठोकून मंडळी राहतात. ‘हे बघा, यांना कुठे काय होतं?’ मी नीट पाहिले. मेळाव्यातल्या कितीतरी गाड्यांना बाजूची जोडगाडी लावलेली होती. म्हणजे त्यांनीही आधी तिसरे चाक लावून घेतले होते.

साडेदहाला निघालो. ठियोग गेले, मटियाना गेले. दोन्ही अंगांना ऊन होते, रस्ता करडा, कोरडा, खडखडीत. भाचा गाडी छान चालवतो, हे मला सांगितलेच पाहिजे. मी मागे बसून ‘कच्चा पापड’ म्हणवून घेत होतो आणि तो हसत हसत बिनचूक म्हणत होता. माझ्या दोन्ही कसोट्या उत्तीर्ण! आणि मग रस्ता डोंगराच्या पाठीमागे वळला.

वळणावर देवदारांची दाट सावली होती. तिथे रस्त्याचा रंग बदलला होता. करड्याचा काळा झाला होता, अंगावर ओली झाक. मी भाच्याच्या खांद्यावर थाप मारली. उन्हाच्या हद्दीतच त्याने गाडी उभी केली.

‘काय झालं? ओला तर आहे नुसता.’

‘महिनाभर इथे पाऊस नाही,’ मी म्हटले. ‘मग ओला कुणी केला?’

उतरून चालत गेलो. डोंगरातून पाण्याची एक करंगळीएवढी धार रस्त्यावर येत होती आणि रुंद पसरून गोठली होती. बर्फ पांढरा असतो ही आपली सिनेमातली समजूत. हा काचेसारखा पारदर्शक होता. त्यातून खालचे डांबर जसेच्या तसे दिसत होते. मी एक पाऊल टाकले आणि उभ्या उभ्या इंचभर सरकलो. पलीकडे एक ट्रक थांबला होता आणि चालक कडेची माती फावड्याने रस्त्यावर भिरकावत होता. तेवढ्यात वरून एक छोटी मोटार आली. वेग असा नव्हताच. चालकाने ब्रेक लावला असावा. तिचे तोंड एकीकडे वळले आणि ती आडवी होऊन, अगदी निवांतपणे, आवाजसुद्धा न करता घसरत आली आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत टेकली. आत नवरा-बायको होती. दोघेही हसत उतरली, पण बाईंचा हात थरथरत होता. डोंगराची बाजू होती म्हणून नाली. दुसऱ्या बाजूला काय होते ते आम्ही चौघांनीही एकदम पाहिले आणि कुणीच त्याविषयी बोलले नाही.

मोटार घसरली तरी चार पायांवर उभी राहते. दोन चाकांचे वाहन टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर उभे असते. वळणावर तर ते कलते, आणि त्या कलण्याचा सगळा भार पकडीवर. ती सुटली की चालवणाऱ्याचे कौशल्य, त्याची हिंमत, त्याचे महागडे जाकीट, यांना काही काम उरत नाही. त्यातही शून्याच्या आसपासचा बर्फ कडकडीत थंडीतल्या बर्फापेक्षा निसरडा, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. म्हणजे ऊन किंचित लागू लागते ती वेळ अधिकच वाईट.

‘आपण उतरून ढकलत नेऊ,’ भाचा म्हणाला. ‘एवढं वळण गेलं की झालं.’

मी ट्रकवाल्याला विचारले, पुढे अशी किती वळणे आहेत? तो फावड्यावर रेलून म्हणाला, ‘कौन गिने साब? जहाँ धूप नहीं, वहाँ पाला.’

इथे माझ्यापुरता निर्णय झाला. अंगावरच्या थंडीशी माणूस घासाघीस करू शकतो. आणखी एक स्वेटर, आणखी एक चहा, अर्धा तास शेकोटी. रस्त्यावरच्या थंडीशी घासाघीस नाही. एक ओळखलेले वळण ढकलत नेता येते. न ओळखलेले वळण आपण ताशी तीस किलोमीटरने गाठतो. सिमल्यापासून काझा या वाटेने चारशे किलोमीटरहून जास्त. आम्ही पहिल्या दिवसाच्या पहिल्या दुपारीही पोचलो नव्हतो.

पण निर्णय होणे वेगळे आणि तो चोवीस वर्षांच्या मुलाला सांगणे वेगळे. मनालीकडे हे सोपे आहे. तिकडे २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही पलीकडे जाता येते खरे, पण बर्फ पडले की पोलीसच नाक्यावर अडवतात. चारही चाकांना जोर असलेली किंवा साखळ्या बांधलेली वाहने तेवढी सोडतात. हवालदाराने परतवले तर त्यात कमीपणा वाटत नाही. इथे रस्ता उघडा होता, ऊन होते, कुणी अडवत नव्हते. अडवत होता तो फक्त मामा. भाच्याचा चेहरा उतरला. त्याने रजा साठवली होती, खोल्यांचे पैसे आधीच भरले होते, मित्रांना तारखा सांगितल्या होत्या. तो म्हणाला, ‘तुम्ही इथून बसने परत जा मामा. मी एकटा जातो. तुमच्यावर जबाबदारी नको.’

हे तो रागाने म्हणाला असता तर मी रागावलो असतो. तो अगदी नम्रपणे म्हणाला, आणि म्हणूनच मला भीती वाटली. ताईचे ‘मला झोप लागेल’ आठवले, पण ते मी बोललो नाही. आईची शपथ घातल्याने मुलगा वळतो, पण मनातून पटवून घेत नाही. पुढच्या वेळी तो मामाला न सांगता येतो. मी त्याला एवढेच म्हटले, ‘त्या ट्रकवाल्याच्या जागी तू उभा राहा आणि दहा गाड्या उतरताना बघ. मग तुला जायचं असेल तर किल्ली घे.’

त्याने दहा नाही, सहा पाहिल्या. दुसरे फावडे नव्हते, म्हणून हातानेच माती उचलून टाकू लागला. अर्ध्या तासाने आम्ही तिघांनी त्या वळणावर मातीचा एक तांबूस पट्टा तयार केला. मोटारवाल्यांची गाडी ढकलून बाहेर काढली. ट्रकवाल्याला मी तिळगुळ दिला, आणि ‘गोड बोला’चे हिंदी करताना माझी तारांबळ उडाली. भाच्याने हात पुसले, बुलेटचे तोंड सिमल्याकडे वळवले आणि म्हणाला, ‘बसा.’ सावल्या लांबण्याआधी, दोन वाजता, आम्ही फागूला होतो. टपरीवाल्याने काही विचारले नाही. त्याने दोन ग्लास पुढे सरकवले.

बुलेट सिमल्याच्या मुक्कामी ठेवून दुसऱ्या दिवशी आम्ही हिमाचल परिवहनची रिकाँग पिओची बस धरली. भाचेबुवा खिडकीशी. त्या वळणावर चालकाने बस दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि ब्रेकला पाय न लावता मुंगीच्या चालीने पार केली. आमची माती तिथेच होती. तिच्या दोन्ही अंगांना रात्रीचा नवा थर चकाकत होता. भाच्याने त्याचा फोटो काढला. ताईला पाठवला की मित्रांना, ते मी पाहिले नाही.

नारकंड्यानंतर उतार लागला आणि सतलजच्या काठाला आल्यावर हवा एकदम बदलली. रामपूर हजार मीटरच्या आसपास, म्हणजे नारकंड्याहून कितीतरी खाली. बसस्टँडवर माणसे नुसत्या सदऱ्यावर उन्हात संत्री सोलत बसली होती. भाच्याने एकावर एक घातलेली तीन जाकिटे उतरवली, नदीकाठच्या लांबलचक, कोरड्या, सरळ रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘इथे मात्र मस्त चालवता आली असती, मामा.’

‘आली असती,’ मी म्हटले. रस्ता खरोखरच झकास होता.